पापडाच्या सावडीतली माझी जागा

सावद्याच्या स्टँडवर अक्का मला पोचवायला आली होती. दिवाळी नुकतीच सरली होती. मला पापड शिकवायला नेणाऱ्या संस्थेच्या ताई भुसावळला रेल्वेत भेटणार होत्या. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं, मावशी?" मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "आता भुसावळ, अन् तिथून अंदमान. जाते का तुमची गाडी तिथपर्यंत?" सगळी गाडी हसली. मी पदर तोंडाला लावला.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणापासून माझ्या वतीनं तीच बोलते. माय म्हणायची, "देवानं हिची जीभ थोरलीच्या तोंडात ठेवली." मी चौथीनंतर शाळा सोडली, तेही गुरुजींना तिनंच सांगितलं. नवरा वारल्यावर मी तिच्याच गल्लीत भाड्याची खोली घेतली.

गाडी सुटताना मी खिडकीतून एवढंच म्हणाले, "होळीच्या आत येते. सावडीत माझी जागा ठेव."

"जागा काय पळून चालली का व? तू आपली सांभाळून राहजो."

आमच्या गल्लीत चैत्रात केळीच्या पापडांची सावड असते. आज एकीच्या गच्चीवर साऱ्या जणी, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, बोलावणं नाही. कोण कुठं बसणार तेही ठरलेलं. मी टाकीच्या सावलीत बसायची. सासर सुटलं, माय गेली, त्यानंतर मला माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

त्या बेटावर केळी भरपूर. पण बोट कधी कधी चार दिवस येत नाही आणि घड जेट्टीवरच सडतात. म्हणून तिथल्या बायांना पापड शिकवायचे होते. दोन महिने, सेवा म्हणून. मी केळी उकडून कुटली, तिखट-जिरं घातलं, कागदावर थापून उन्हात ठेवली. आमच्याकडे दोन दिवसांत पापड कडकडीत होतो. उन्हावर भरवसा ठेवू नये, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तिथली हवाच ओली. तिसऱ्या दिवशी सगळ्या पापडांवर पांढरी बुरशी चढली. साऱ्या बायांच्या घरची केळी वाया गेली.

मालती नावाची बंगाली बाई एक पापड उचलून म्हणाली, "दीदी, तुम्हारा पापड़ को तो दाढ़ी आ गया!"

बाया हसल्या. मी सवयीनं मागं वळून पाहिलं. उत्तर द्यायला अक्का नव्हती. मग मीच म्हणाले, "फिर से करेंगे."

मालतीनं मला नारळ वाळवायची शेड दाखवली. खाली नारळाची सालपटं धुमसत ठेवायची, वर बांबूच्या माळ्यावर पापड. वाळले एकदाचे, पण धुराचा वास घेऊन. त्या वासाचेच बोटीवरचे लोक मागू लागले. होळी आली आणि गेली. एवढं हाताला लागलेलं काम टाकून कसं निघायचं, म्हणून मी थांबले. सावद्याची खोली सोडली. पाच वर्षं झाली. पहिल्या चैत्रात मी रोज सकाळी मनात म्हणायची, आज कोणाच्या गच्चीवर असतील साऱ्या, आणि नाव बरोबर आठवायचं.

यंदा चैत्रात सावद्याला गेले. अक्काच्या गच्चीवर सावड होती. टाकीच्या सावलीत तिची सून बसली होती. मी खाली बसू लागले, तर अक्कानं खुर्ची मागवली. "तू वर बस. पाव्हनी शे तू." मी कुटलेल्या केळ्यांचा उंडा थापायला हात पुढं केला, तर सुनेनं तो अलगद काढून घेतला. "राहू द्या मावशी, हात तिखट होतील."

मी नेलेले पापड अक्कानं तळले. एक जण म्हणाली, "याले धुराचा वास येतो व." मला सांगायचं होतं तो वास कसा आला ते. सारं ओठावर आलं होतं. पण अक्काच म्हणाली, "तिकडं तसंच खातात." तिच्यासमोर मला अजूनही बोलता येत नाही.

संध्याकाळी उद्या, परवा कोणाच्या गच्चीवर, ते ठरत होतं. एकेक घर घेत फिरून परत अक्कापर्यंत आलं. माझं नाव निघालं नाही. निघणार कसं? माझी तिथं गच्ची नाही, खोलीही नाही. कोणी वाईट वागलं नाही. चहा तर मला दोनदा दिला.

अक्का, हे तुला सांगायला जमलं नाही म्हणून बेटावर परतल्यावर इथं वहीत लिहिते. तू जागा ठेवलीस, पण ती खुर्चीवर ठेवलीस. तुझा राग नाही. पाच वर्षं रिकामी जागा कोण ठेवील?

उद्या मालतीकडे केळी सोलायची आहेत. येशील का, असं तिनं मला विचारलं नाही. विळी आण, एवढंच म्हणाली. तू मात्र फोनवर दर वेळी विचारतेस, "पुढच्या चैत्रात येशीन का व?" आणि मी म्हणते, बघते.