एकाच बाजूला वळलेली पानं

वासुदेवच्या कामाचं कुणी कौतुक केलं की तो आधी आपल्या चुका सांगत बसायचा. कानातल्यांची नक्षी पोलादी डायमध्ये कोरण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली. सोनार त्या डायवर पत्रा ठोकून दागिना उठवतात. आता डहाणूत हेच कोरीवकाम कॉम्प्युटरचं मशीन करू लागलं होतं. मुलगी कीर्ती तसं मशीन आणणार होती, आणि त्याच्या जागेसाठी शेडमधले सगळे जुने डाय भंगारात निघाले होते.

“बाबा, पाच वर्षांनी बायका काय घालतील ते सांगा, मग ठेवू,” ती म्हणाली.

वासुदेवला ते खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलं की या माणसाला चैन पडत नाही. भंगारवाला चार वाजता येणार होता. हा सकाळीच तलासरीचा बाजार गाठून दिसेल त्या बाईचे कान निरखू लागला. साठीचा बाप्या असा टक लावून बघतो म्हटल्यावर कुणीतरी हटकणारच. सुकी मासळी घेणाऱ्या तानीने हटकलं.

“ओ बाबा, कानाकडं काय बघता मघापासून?”

“कुडी बघतोय, बाई. मीच कोरलीय ती.”

तिच्या उजव्या कानातल्या कुडीचं पान गालाऐवजी मानेकडे वळलेलं होतं. वासुदेव शरमला. डायमध्ये नक्षी उलटी कोरावी लागते. नवशिका असताना एका कानाची उलटी करायला तो विसरला, आणि जोडीतली दोन्ही पानं एकाच बाजूला वळली. सराफाने शिव्या घालत तो माल इकडे खपवला होता. ते डाय तर त्याने सगळ्यात आधी भंगारात टाकायला सांगितले होते.

“दुसरी कुठंय?”

“भाताच्या लावणीत पडली. सोनारानं नवी केली, ती मी परत दिली. पान भलतीकडं वळवलंन त्यानं. वारा एकीकडनंच येतो ना, बाबा? मग पानं दोन बाजूंना कशी वळतील? माझ्या जावेची, नणंदेचीबी एकेकच उरलीय.”

छत्तीस वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मिळेल त्या जीपने तो घरी परतला. टेम्पो दारात उभा होता, अर्धा ढीग वर चढला होता. तो तसाच टेम्पोत चढला आणि तेलकट डाय उपसू लागला.

“बाबा, ते तर चुकलेले!”

वासुदेवने कीर्तीला तानीचं वाऱ्याचं बोलणं सांगितलं. तिने जोडीचे दोन्ही डाय शेजारी धरून पानं पडताळली.

“एकेक कुडी उरलेल्या अशा किती बायका असतील?”

“तेच ठाऊक नाही. पुढच्या बाजाराला तूही चल.”

तिने टेम्पोवाल्याला माल उतरवायला सांगितलं. मग मशीनसाठी शेड मोजायला आणलेली टेप घेऊन ती घराची ओटी मोजू लागली.