बाइंडरच्या घरी पुस्तकं नाहीत

बाइंडरला मी ओळखतो त्याला आता बावीस वर्षं झाली, आणि ओळखीची सुरुवात माझ्या गाढवपणाने झाली, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी रंगवून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

माणूस ठेंगणा, मान किंचित पुढे आलेली, उजव्या हाताची बोटं खळीने कायम पांढरट. खळ तो स्वतः शिजवतो. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. शेगडीवर आधी खळ चढते, मग घरचा स्वयंपाक. त्यावरून बायको एकदा माझ्यादेखत म्हणाली, "एखाद्या दिवशी ताटात खळच वाढीन. यांना कळायचंसुद्धा नाही."

"कळेल की," बाइंडर मान वर न करता म्हणाला. "खळीत गाठी नसतात."

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत शिवणाची चौकट, पुठ्ठे कापायचं यंत्र आणि छतापर्यंत पुस्तकांच्या चळती. वाचनालयाची, कोर्टाची, डॉक्टरांची, कॉलेजची. मधून माणूस तिरका होऊनच जाऊ शकतो.

तो आणि त्याची माणसं डोंगरापलीकडून आलेली. येऊन तीन पिढ्या झाल्या तरी शहर त्यांना 'पलीकडचे'च म्हणतं. घरात त्यांची बोली, दाराबाहेर आमची भाषा. आमची लिपी मात्र बाइंडरला येत नाही. लहानपणी तो दीड वर्ष शाळेत गेला होता. "मास्तर काय बोलतात ते मला कळायचं नाही," तो सांगतो. "मास्तरांना वाटायचं मी ढ आहे. मला वाटायचं मास्तर ढ आहेत. एवढं साधं बोलणं, आणि तेही नीट करता येत नाही यांना!"

त्याच्या धाकट्या मुलीच्या शाळेत मी शिक्षक होतो. पलीकडच्यांची मुलं अभ्यासात मागे का, याचं कारण आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या खिशात तयार असे. कुणी म्हणे गरिबी. कुणी म्हणे भाषा. कुणी म्हणे, आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही, पालकसभेला कधी फिरकतात का? पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते, हे कुणी काढत नसे. मी तर सगळ्यांच्या पुढे. बाहेरून समाजशास्त्राची पदवी करत होतो, त्यामुळे माझ्याकडे या प्रत्येक कारणाला भारदस्त नावही होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

सातवी संपली की मुलांची वाटणी व्हायची. 'अ' तुकडीला वरचं गणित आणि प्रयोगशाळा, 'ब'ला दोन्ही नाही. परीक्षेचे गुण ऐंशी आणि 'घरातील शैक्षणिक वातावरण' याचे वीस. ते वीस गुण शिक्षकाने घरी जाऊन द्यायचे. पलीकडच्यांच्या वस्तीतली बारा घरं माझ्या वाट्याला आली. एका आठवड्यात मी ती उरकली.

बाइंडरच्या घरी गेलो तेव्हा मुलीने दार उघडलं. हातात काडेपेटी. तिने ती अलगद उघडून दाखवली. आत पुस्तकातली कसर होती, जिवंत.

"सर, प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून हिचं तोंड दिसेल? एवढासा जीव, पण चामड्याची बांधणी खातो."

"आधी 'अ' तुकडीत तर ये," मी म्हणालो आणि फॉर्म काढला.

"घरात पुस्तकं किती?"

बाइंडरने चारी बाजूंच्या चळतींकडे पाहिलं. प्रामाणिकपणे म्हणाला, "एकही नाही."

"मुलीचा अभ्यास घेता?"

"मला तुमची लिपी येत नाही, सर. मी काय घेणार?"

"मग संध्याकाळी ती काय करते?"

"मला कामात मदत करते. दोन तास."

मी खाली लिहिलं: 'घरी एकही पुस्तक नाही. मुलीला कामाला जुंपलं जातं.' वीसपैकी तीन. चहाही न घेता उठलो. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच.

मुलीला परीक्षेत ऐंशीपैकी अडुसष्ट होते. एकूण एकाहत्तर झाले. 'अ' तुकडी पंचाहत्तरवर थांबली. यादी लागली त्या दिवशी ती फळ्यासमोर बराच वेळ उभी होती. बाप तक्रारीला आला नाही. शाळेने विचार करूनच ठरवलं असेल, असं त्याचं म्हणणं, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी माझं अभ्यासाचं जाडजूड पुस्तक खिळखिळं झालं. आधीच्या कुणा विद्यार्थ्याने वापरून माझ्या गळ्यात मारलेलं. विषय नेमका तोच, कुठल्या समाजाची मुलं शाळेत मागे पडतात आणि का. ते बाइंडरकडे टाकलं आणि ठरल्या दिवशी संध्याकाळी आणायला गेलो. दार उघडंच होतं. आतून मुलीचा आवाज येत होता.

शिवायच्या आधी पानांचा क्रम तपासावा लागतो. बाकीचे बाइंडर पानाचा आकडा बघतात. हा आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आकडा चुकतो, म्हणतो, वाक्य चुकत नाही. मुलगी प्रत्येक पानाची शेवटची ओळ वाचते, मग पुढच्या पानाची पहिली. तो डोळे मिटून ऐकतो. "जुळलं" म्हणाला की पुढे. याला त्यांच्या घरात 'सांधा वाचणं' म्हणतात. आधी मोठ्या दोन भावंडांनी वाचला, आता ही वाचत होती. रोज दोन तास, पाच वर्षं.

मी उंबऱ्यातच थांबलो.

"'अशा कुटुंबांत शैक्षणिक वातावरण नसते, असे मानून...'" मुलीने वाचलं आणि पान उलटलं. "'...आणि मग ती मुले खरोखरच मागे पडतात.'"

"थांब," बाइंडर म्हणाला. "नाही जुळत. असं मानून कुणी काय केलं? कोण मानतंय? करणारा माणूस मधल्या पानावर आहे. ते पान गेलंय."

मग मी दिसलो. "या सर. तुमच्या पुस्तकाचं एक पान नाही. तुम्हाला वाचताना अडलं नाही का?"

अडलं नव्हतं. त्या पानाच्या मागेपुढे मी लाल पेन्सिलने रेघाही मारल्या होत्या. कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. लिपी न येणाऱ्या माणसाने माझी परीक्षा घेतली होती आणि मी नापास झालो होतो. मी चळतींकडे बोट करून विचारलं, "एवढी पुस्तकं असताना तुम्ही एकही नाही असं का सांगितलंत?"

"ती लोकांची आहेत, सर," तो म्हणाला. "लोकांचा माल आपला म्हणून कसा सांगायचा?"

दुसऱ्या दिवशी मी हेडबाईंपुढे उभा राहिलो. 'माझी नोंद चुकीची आहे' असं लेखी दिलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बापानेच सांगितलंय ना पुस्तकं नाहीत म्हणून?"

"बाई, तो खरं बोलला. मी चुकीचं ऐकलं असंही नाही. मी बघितलंच नाही."

मग मी सांधा वाचण्याचं सगळं सांगितलं. बाईंनी मुलीला बोलावलं, कपाटातलं एक पुस्तक हाताला येईल तिथे उघडलं, पानाची शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, पुढे काय असेल? मुलीने सांगितलं. बाईंनी पान उलटून पाहिलं. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा मुलगी म्हणाली, "हे लेखकाने नीट लिहिलेलं नाही, बाई." बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. सोमवारी ती 'अ' तुकडीत बसली आणि त्याच आठवड्यात तिने कसरीचं तोंड पाहिलं. भयंकर आहे म्हणाली, खूप आवडलं.

माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं होतं. चूक कबूल करणारा शिक्षक रोज कुठे भेटतो! एका दुपारी मुद्दाम बाइंडरकडे गेलो, तो आता हात जोडणार या तयारीने.

"चांगलं झालं, सर," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, डोळेही भरले होते. मग फडक्याला हात पुसत त्याने विचारलं, "त्या आठवड्यात तुम्ही आमच्या वस्तीत घरं किती केलीत?"

"बारा."

"बाकीच्या अकरा घरांत काय बघितलंत?"



त्याने शेगडी बंद केली. खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, बायकोला आत हाक मारून सांगितलं, "आज काम बंद," आणि माझ्या हातात माझीच छत्री दिली.

"चला," तो म्हणाला. "पहिलं घर समोरचंच आहे. आणि या वेळी चहा घ्यायचा, सर. घाई नाही करायची."