अर्धं कापलेलं कुलूप

नरडाण्याच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाची मिल उभी करायचं काम माझ्याकडे होतं. "संकटात डोकं थंड ठेवा, नियम सोडू नका," हे मी तिथे इतक्यांदा ऐकवलं, की आज ते आठवलं तरी स्वतःचीच किळस येते.

नियम साधा होता. यंत्रात उतरणाऱ्याने मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, चावी खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर ते स्वतःच काढायचं. दुसऱ्या कुणी, अगदी मालकानेही, त्याला हात लावायचा नाही. मी तो भिंतीवर लाल रंगात रंगवून घेतला होता. केवढा मिरवायचो त्यावर!

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच सरकीचा हौद तुंबला. हौदाच्या तळाशी सरकी पुढे ढकलणारा लोखंडी स्क्रू असतो, त्यात गोणपाट गुंतलं होतं. आमचे फिटर, पारोळ्याकडचे नाना, स्विचला कुलूप लावून आत उतरले. इथवर सगळं शिस्तीत होतं.

मग जळगावहून मालकांचं कुटुंब आलं. स्पीकर सुरू झाले. मागच्या शेडमध्ये भरीत-पुरीची पंगत बसली, आणि आमच्याकडे भरिताचा वास सुटला की माणूस जागेवर राहत नाही. मुहूर्त टळत चालला होता. मॅनेजर घाम पुसत माझ्यावरच खेकसला, "आता बटण काय पुढच्या आठवड्यात दाबायचं?" स्विचवर कुलूप तसंच लटकत होतं.

"बठ्ठा जेवाले बठेल शेतस, साहेब," सुपरवायझर पंगतीकडे बोट दाखवत म्हणाला. "नाना बी तठेच व्हतीन. कुलूप काढानं भुली गयात."

हौदाची शिडी वीस पावलांवर होती. चढून डोकावायला दोन मिनिटं लागली असती. मी चढलो नाही. पंगतीतही पाहून आलो नाही. मालक माझ्याकडे बघत होते, एवढ्यासाठी मी लोखंड कापायची करवत मागवली आणि कुलूप कापायला घेतलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

अर्ध्यावर ब्लेड तुटलं. सुपरवायझर दुसरं आणायला पळाला, आणि तेवढ्यात हौदाच्या तोंडातून नानांचं डोकं वर आलं. केस सरकीच्या तुसाने पांढरे झालेले, हातात गोणपाटाचा शेवटचा तुकडा.

माझ्या शिस्तीने नाही, एका भिकार ब्लेडने त्यांना वाचवलं होतं.

नाना खाली उतरले. त्यांनी कुलूप पाहिलं, मग माझ्या हातातली करवत पाहिली. "चावी मनाजोडे शे ना, साहेब," खिशातून चावी काढत एवढंच म्हणाले आणि नियमाप्रमाणे आपलं कुलूप आपल्या हाताने काढलं. मालकांनी बटण दाबलं, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. शी!

दुसऱ्या दिवशी नाना कामावर आले ते धुळ्याहून नवं कुलूप घेऊन. आधीच्यापेक्षा दुप्पट जाड होतं.