उजव्या स्पीकरमधला आवाज

माईकमधून निघणारा आवाज फार अशक्त असतो. टेपरेकॉर्डरपर्यंत पोचायच्या आत त्याला कुणीतरी हात देऊन उठवावं लागतं, आणि ते काम प्रीअँप करतो. नव्वदच्या दशकात बारामतीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवताना मला एवढं ज्ञान होतं, आणि एवढ्या ज्ञानावर माणूस वाटेल ते करायला धजतो. बारामतीलगतच्या जळोचीतल्या घरात मागच्या खोलीच्या भिंतींना मी गोधड्या टांगल्या आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागलो. घरचे तिला गोधड्यांची खोलीच म्हणत.

माझ्याकडे प्रीअँप दोन होते. एक मुंबईच्या बाजारातून आणलेला, त्यातल्या त्यात स्वस्त. दुसरा मी स्वतः मासिकातली आकृती बघून जोडलेला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मुंबईचा लावला आणि कुणी बोललं नाही, तर नुसती खोली ऐकू यायची. माझा लावला की चुलीवर आधण ठेवल्यासारखी सीं सीं सुरू व्हायची आणि बोलणाऱ्याच्या आवाजातला भरीवपणा कुठंतरी गळून जायचा. तरी माझा डबा मुंबईच्या तोडीचा आहे, असं मी येईल त्याला सांगत असे. स्वतःच्या हातानं जोडलेली वस्तू. तिची बाजू घेणार नाही तर काय!

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमची मेंढरं आजोबांच्या काळातच गेली, पण धनगरी ओव्या आबांच्या गळ्यात राहिल्या. त्यांच्या मागे झील धरायचे काटेवाडीचे तात्या. आबांनी ओळ टाकायची आणि तिचं शेवटचं टोक तात्यांनी उचलून लांबवर न्यायचं. तेवढ्यात आबा श्वास घेत, पुढची ओळ आठवत. दोघे तरणे होते तेव्हापासून असंच चाललं होतं. त्यांच्या ओव्यांची कॅसेट काढायची म्हणून मी दोघांना घरी बोलावलं.

टेपवर डावा आवाज वेगळा भरता येत होता आणि उजवा वेगळा. डावीकडं मुंबईचा प्रीअँप लावला, उजवीकडं माझा. मुंबईचा कुणाला द्यायचा याचा मी क्षणभरही विचार केला नाही. तो आबांना दिला, तात्यांना माझा. झील काय, मागंच असते, असं मनात म्हणालो. शिवाय एकाच गाण्यात दोन्हींची तुलना होईल, हा माझा शहाणपणा वेगळाच. धनगराच्या घरात जन्मून, जत्रेत आबांच्या पायाशी बसून वाढलेल्या माणसाला असं वाटावं, याची मला अजून लाज वाटते. झील तुटली की ओवी पुढं सरकतच नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

गाणं झालं, टेप लावली. डाव्या स्पीकरमधून आबा खणखणीत आले. उजव्यातून सीं सीं आवाजाच्या आड कुणीतरी नाकात कण्हत होतं. तात्यांनी स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तो हा. मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"असा येतो व्हय माझा आवाज?" ते आबांना म्हणाले. "इतकी वर्सं तुमी कधी बोलला न्हाय."

"आरं, खुळा का काय तू! असा न्हाय येत," आबा म्हणाले.

मी म्हणालो, "तात्या, गळा चांगला हाय तुमचा. माझा डबाच खराब हाय."

"मशीनला काय माझ्याशी वैर हाय? आबांचा बघ की कसा आलाय."

मग मी वायरींची अदलाबदल केली. मुंबईचा प्रीअँप तात्यांना, माझा आबांना. म्हटलं, आता कानांनीच ऐकतील. त्यांनी पुन्हा तीच ओवी म्हटली, मी पुन्हा टेप लावली. या खेपेला आबा कण्हत होते आणि तात्यांची झील माळावरच्या वाऱ्यासारखी मोकळी वाहत होती. इतकी सुंदर, की मी हसून त्यांच्याकडं बघितलं.

तात्यांनी हात पुढं केला. "बंद कर ते. मला बरं वाटावं म्हनून आबांचा गळा बिघडवतोस व्हय रं?"

ते चिडले नव्हते. माझीच समजूत काढावी तसं बोलले, आणि ते जास्त लागलं. खरं सांगून झालं होतं, दाखवूनही झालं होतं. शेवटी आबाच म्हणाले, की दोघांना मिळून एकच माईक दे. मुंबईच्या प्रीअँपला जोडलेल्या माईकपुढं दोघे उभे राहिले, तात्या आपले जरा मागं, नेहमीसारखे. त्याची कॅसेट झाली, इंदापूरच्या स्टँडवरच्या टपरीतसुद्धा वाजली. लोकांना आवडली. माझा डबा मी दुसऱ्याच दिवशी खोलून सुटा केला.

त्यानंतर इंदापूरकडच्या एका गावात जत्रा होती. सकाळची वेळ, मोकळं मैदान. माईक नाही, वायर नाही, स्पीकर नाही. ढोल लागला, आबांनी पहिली ओळ टाकली, तात्यांनी ती उचलली. मग ढोलाच्या भरात तात्यांनी गर्दीत मला शोधलं आणि जवळ येऊन, कानाशी वाकून विचारलं, "नीट येतोय का रं माझा आवाज?"

"येतोय, तात्या. लई चांगला येतोय."

तोंडदेखलं बोलणाऱ्यापुढं डोलवावी तशी त्यांनी मान डोलावली आणि आपल्या जागेवर गेले. आबांनी पुढची ओळ टाकली. मागून झील आली, पण दबकत, चाचपत, आणि लवकरच संपली. आबांना श्वास पुरला नाही.