सिरियलीत मरणारी शेजारीण

जठारपेठेत आमच्या घरासमोर राह्यते ती बाई टीव्हीच्या सिरियलीत मरते. अमरावतीच्या नाटकांतून मुंबईत पोचली, पन इतक्या वर्षांत तिले कोनी दोन हप्त्यांच्या वर जित्तं ठेवलं नाई. घरी आली की मी फाटकातूनच इचारतो, "काय वं, यावेळी कशी मेली?"

"जिन्यावरून ढकललं, काका. पन पडली मस्त."

परवा तिले सासूच्या पार्टच्या ऑडिशनले बोलावलं. वर्षभर जित्तं राह्याचं काम. निघताना तिनं माह्यासमोर हात पुढे केला. दरवेळी माही बायको त्या हातावर दही-साखर ठेवे. ती जाऊन सहा महिने झाले. मी आदल्या दिवशी विरजण लावलं होतं, पन दही काही लागलं नाई. तेच पांढरं पानी साखर घालून तिच्या हातावर टाकलं.

तिनं चाटलं अन् डोळे मिटले. "काका, अगदी काकूच्या हातचं."

माह्या बायकोचं दही सुरीनं कापा लागे. पन ही इतक्या सरळ तोंडानं खोटं बोलली, का मले घडीभर खरंच वाटलं.

म्हनलं, "जाय आता. पार्ट तुलेच भेटते."