मेर्नाचा डावा हात

मेर्ना लीनर्ट शाळेची बस चालवायला बसली की आधी आरसा नीट करायची. बाहेरचा नव्हे, आतला. मागे कोण कोणाला चिमटे काढतंय ते तिला दिसायला हवं असायचं. ओरडायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. पोरांनी फारच धिंगाणा मांडला की मान न वळवता ती नुसता डावा हात वर करायची, पंजा उघडा, बोटं ताठ. बस चिडीचूप. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पिल्टारा गावच्या दोन पिढ्या त्या हाताखाली शाळेत गेल्या. आज गावात बाप्ये म्हणून मिरवणारे कितीतरी जण तो हात आठवला की अजून सरळ होऊन बसतात.

ट्रेगेन्झांचं शेत म्हणजे तिच्या फेरीचं टोक. त्यांचा धाकटा, कॉलिन, सगळ्यांत आधी बसमध्ये चढायचा आणि सगळ्यांत शेवटी उतरायचा. पोरगं हुशार, पण बोलायला गेलं की शब्द ओठांवर येऊन बसायचा, पुढे म्हणून सरकायचा नाही. 'म' तर त्याचा हाडवैरी. "मिसेस लीनर्ट" म्हणेपर्यंत बस पुढच्या शेताच्या फाटकाला पोचलेली असायची. मग मागून कोणीतरी टारगट त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा, आणि हशा.

एकदा असाच हशा झाला. मेर्नाने भर रस्त्यात बस उभी केली, इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची धसकटं, वर माश्या, आणि ऊन मी म्हणत होतं.

"ऐका रे सगळे," ती म्हणाली. "ज्याचं वाक्य, त्यानेच पुरं करायचं. दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. मला काही घाई नाही. तुम्हाला असेल तर उतरा आणि चालू लागा."

कोण उतरतोय! कॉलिनला काय सांगायचं होतं, तर खिडकीची काच अडकलीय एवढंच. पण तेवढं सांगायला त्याला लागला तो सगळा वेळ बस थांबून राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि काम दिलं. परतताना प्रत्येक फाटकाशी तेलाच्या जुन्या पिंपाची टपालपेटी, तिच्यावर रंगाने घराण्याचं नाव. ते नाव त्याने पुकारायचं, म्हणजे त्या घरची पोरं आपापल्या पिशव्या शोधायला लागतील.

"मोठ्याने, कॉलिन. मागच्यांना ऐकू येऊ दे."

तो पुकारायचा. अडखळत, घामाघूम होत, पण पुकारायचा.

मेर्नाला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा क्लेम लवकर गेला. त्याबद्दल ती बोलायची नाही, आणि कोणी विचारलंच तर म्हणायची, "अगं, मला पोरांचा तोटा आहे का? सकाळ-संध्याकाळ बसभर असतात की!" हे बोलताना ती हसायची. पण ते हसू खरं नसायचं, हे पोस्ट चालवणाऱ्या डेल्माला, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, पक्कं ठाऊक होतं.

पुढे कॉलिन शहरात शिकला, कामगार संघटनेत गेला, आणि एका निवडणुकीत पक्षाने त्याचं नाव यादीत खाली कुठेतरी घातलं. पडेल म्हणूनच घातलं असणार. तर गडी चक्क निवडून आला! सेनेटर ट्रेगेन्झा. आमच्या गावाला तर आभाळ ठेंगणं झालं. राजधानीतून, कॅनबेराहून, त्याच्या भाषणांचे छापील कागद येऊ लागले. खेड्यातल्या शाळा, पोस्टाच्या खिडक्या, पेन्शनचं कार्यालय, अँब्युलन्स, फिरतं वाचनालय. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतील अशी भाषणं. डेल्मा ती पोस्टाच्या काचेवर आतून चिकटवायची. मेर्ना तिकीट घ्यायच्या निमित्ताने जायची आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत उभी राहायची.

"काय बोलतो गं पोरगा!" ती म्हणायची. "कसा फाडफाड बोलतो बघ."

मग पिल्टाराची शाळा बंद करायचं घाटू लागलं. पोरं कमी, खर्च जास्त, हे नेहमीचंच रडगाणं. राज्याच्या मंत्रीणबाई येऊन गेल्या, आमचे लॅमिंग्टन केक खाल्ले, "सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलंय" म्हणाल्या आणि गोड बोलून तोंडाला पानं पुसून गेल्या. शाळा राज्याच्या ताब्यात, सेनेटरच्या हातात काही नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण निवडणूक तोंडावर आलेली. सेनेटात आमच्या शाळेचं नाव घेऊन कोणी कडाडून बोललं आणि ते टीव्हीवर दिसलं, तर मंत्रीणबाई लाजेखातर तरी मागे हटतील, ही एकच आशा उरली होती. मेर्नाने कॉलिनला फोन लावला.

"बोलशील ना रे?"

पलीकडे शब्द अडकला. ती थांबली.

"ब... बोलतो, म... मिसेस एल."

मेर्नाने गावभर सांगितलं. बुधवारी दुपारी सभागृहात सदस्यांना हव्या त्या विषयावर बोलायला वेळ देतात, तेव्हा आपला कॉलिन उभा राहणार. झालं! सगळं गाव हॉलमध्ये जमलं. पडद्यावर कॅनबेराचं थेट प्रक्षेपण, चहाचा मोठा बंब उकळतोय, खिमा भरलेल्या पेस्ट्यांचा वास सुटलाय, शाळेची पोरं पुढे जमिनीवर बसलेली. टीव्हीवाली एक मुलगी जवळच्या बंदराच्या शहरातून कॅमेरा घेऊन आली होती. मेर्ना पहिल्या रांगेत. क्लेमच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच तिने तो निळा कोट घातला होता.

पडद्यावर कॉलिन उभा राहिला. टाळ्या पडल्या. लाल खुर्च्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या, एक-दोन डोकी फोनमध्ये खुपसलेली. त्याने कागद हातात घेतले, तोंड उघडलं. ओठ मिटले आणि तसेच राहिले. कोपऱ्यातला एक सदस्य घड्याळाकडे बघून हसला. कॉलिनचा चेहरा लालबुंद झाला. मग त्याने भराभर, पाठ केलेलं काहीतरी म्हणावं तसं म्हटलं, "हे भाषण कामकाजाच्या नोंदीत समाविष्ट करण्याची परवानगी असावी." अध्यक्ष म्हणाले, परवानगी आहे. कॉलिनने कागद सेवकाच्या हाती दिले आणि तो खाली बसला.

संपलं.

कोणाला काही कळेना. डेल्मानेच शेवटी मोबाईलवर शोधून काढलं. तिथे अशी रीत आहे म्हणे. भाषण न बोलताच कागद द्यायचे, छापून आलं की बोलल्यासारखंच दिसतं. तिने मागची भाषणंही उघडली. एकेक करत सगळी. हरएक भाषण त्याने असंच दिलेलं होतं. काचेवर चिकटवलेल्या त्या ढीगभर शब्दांतला एकही शब्द कॉलिन ट्रेगेन्झा कधी बोलला नव्हता.

टीव्हीवाली मुलगी कॅमेरा आवरत म्हणाली, "सॉरी हं. पण मी दाखवू काय? बसलेला माणूस दाखवू?"

बातमी लागली नाही. शाळा गेली. मंत्रीणबाई निवडून आल्या, ते वेगळंच.

गावाने कॉलिनच्या नावाने बोटं मोडली. डेल्माने काच नखांनी खरवडून साफ केली. "पळपुटा मेला! उभं राहून चार वाक्यं बोलायला पोटात दुखलं?" मेर्ना त्याच्या बाजूने काही बोलली नाही. पण शिव्याही दिल्या नाहीत. त्याचे फोन येत, ती उचलत नसे. खरं तर तिला राग यायच्या आधी लाज वाटली होती, स्वतःची. त्याची जीभ कुठे अडकते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि तिनेच त्याला पुढे ढकललं होतं, जिथे कोणी कोणासाठी थांबत नाही अशा जागी.

आता बस शेजारच्या, पण खूप लांबच्या गावच्या शाळेत जायची. अंधार असतानाच निघायचं. पहिलीतली चिमुरडी परतताना झोपून जायची, एखादीची चड्डी ओली व्हायची, मग ती रडायची. मेर्ना गाडी थांबवून तिला आपला स्वेटर गुंडाळायची. डावा हात वर करायची वेळच येईना. दमलेली पोरं कसला धिंगाणा घालणार? "बस कशी स्मशानासारखी झालीय गं," ती एकदा डेल्माला म्हणाली आणि ढसाढसा रडली.

त्या हिवाळ्यात मेर्नाला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

बंदरावरच्या हॉस्पिटलात कॉलिन आला तेव्हा डेल्मा बाजूलाच बसली होती. तिने तोंड फिरवलं. कॉलिन खुर्ची ओढून बसला. केस पिकले होते त्याचे. त्याने खिशातून घडी घातलेले कागद काढले, तेच, त्या बुधवारचे, आणि खालच्या आवाजात वाचायला लागला. प्रत्येक ओळीला अडखळत होता.

मेर्नाचे ओठ हलले. "म... मो..."

नर्स लगबगीने पुढे आली. "मोसंबी? मोसंबीचा रस हवाय का, मेर्ना? की मोजे घालू?"

"थ... थांबा," कॉलिन म्हणाला. "तिचं ति... तिला बोलू द्या."

सगळे थांबले. बाहेर कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. मेर्नाच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठ झाली. डेल्माला बघवेना.

"मो... ठ्या... ने."

कॉलिनने कागद छातीशी धरले. थोडा वेळ त्याच्याने बघवलंही नाही तिच्याकडे. मग तो उठून उभा राहिला, सभागृहात राहतात तसा, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. मोठ्याने. फेरीवरच्या एकेका फाटकाचं नाव त्या भाषणात होतं, त्या घरातल्या पोरांची नावं होती, शाळेच्या व्हरांड्यातली गळकी पाण्याची तोटी होती. एकेका शब्दापाशी तो थांबायचा, झगडायचा, पुढे सरकायचा. बाजूच्या खाटांवरचे रुग्ण उठून बसले. जेवणाची वेळ झाली. वाढणारी बाई ताटं घेऊन दारातच उभी राहिली, आणि सूप निवून गेलं.

शाळा बंद होऊन वर्ष लोटलं होतं. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. आता त्या भाषणाने काय होणार होतं? काही म्हणजे काही नाही. तरीही डेल्मा रडत होती.

शेवटच्या ओळीत मेर्नाचं नाव होतं. कॉलिन तिथे पोचला आणि 'म' वर अडकला. ओठ मिटले, उघडेनात. डोळे घट्ट मिटले त्याने. खूप वेळ गेला. नर्सला राहवेना. बिचारीने मदतीला म्हणून तोंड उघडलं.

उशीवरून मेर्नाचा डावा हात वर आला. पंजा उघडा, बोटं ताठ. तिने तो खाली घेतला नाही.

नर्सने तोंड मिटलं. सगळा वॉर्ड गप्प झाला, आणि कॉलिनला त्याचं वाक्य पुरं करायला लागेल तेवढा वेळ मेर्ना तो हात तसाच धरून राहिली.