खंदारे मॅडमचं विसरणं

खंदारे मॅडम पुस्तकाचा पत्ता हनुवटीनं सांगत. हातांना सवड नसायची. एका हातात तारखेचा शिक्का, दुसऱ्यात कार्डांचा गठ्ठा. समोरच्या मुलानं पुस्तकाचं नाव अर्धं उच्चारलं की त्यांची हनुवटी कुठल्यातरी कपाटाकडे वळायची आणि मान वर न करता त्या म्हणायच्या, "खिडकीपाशी, खालच्या कप्प्यात, निळ्या पुठ्ठ्याचं. कोपरा उंदरानं खाल्लाय, पण आतलं शाबूत हाय." पुस्तक तिथंच असायचं आणि कोपराही तसाच कुरतडलेला असायचा.

गंगाखेडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर संगणक शिकवायला लागलो, तेव्हा त्यांची माझी ओळख झाली. तासिका तत्त्व म्हणजे उन्हाळ्यात घरी बसायचं आणि कॉलेज उघडलं की पुन्हा नव्यानं मुलाखत द्यायची. मुलाखत घेणारे तेच, देणारा तोच, प्रश्नही तेच. अशा माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची मिळते, पण कुणी कायमचा प्राध्यापक आत आला की उठावं लागतं. म्हणून मोकळ्या तासाला मी ग्रंथालयात जाऊन बसायचो. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सर, तुमी बी अडकलात का हितं?" मला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. खरे प्रश्न मला सहसा आवडत नाहीत.

ग्रंथालयात एक संगणक होता. कधीकाळी एका विद्यार्थ्यानं प्रोजेक्ट म्हणून पुस्तकं शोधायचं वेब पेज बनवून दिलं होतं आणि संस्थेनं फीत कापून त्याचं उद्घाटनही केलं होतं. पेज दिसायला झकास होतं. अडचण एवढीच की त्याला पुस्तकं सापडत नसत. मुलं चौकटीत इंग्रजीत विषय टाइप करत आणि पडद्यावर उत्तर येई, 'एकही पुस्तक उपलब्ध नाही'. मग तीच मुलं काउंटरवर येत, मॅडमची हनुवटी वळे आणि पुस्तक हातात पडे.

मी एकदा कारण विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "जुन्या बाबूंनी समदी नावं कॅपिटल अक्षरांत घातलीत. त्यांच्यानंतर एक पोरगी होती, तिनं समदी स्मॉलमधी. आता पोरं घालतेत त्यांच्या मर्जीनं. मशीन म्हणतंय, ह्यो शब्द माझ्याकडं न्हाईच." मग त्या म्हणाल्या, "आपल्या मराठीत थोरलं अक्षर, धाकटं अक्षर असं काई न्हाई बघा. समदे सारखे. ही भानगड इंग्रजीतच हाय." समदे सारखे म्हणताना त्यांनी टेबलावर शिक्का जरा जोरातच मारला.

त्यांचे यजमान येलदरीला होते, धरणावरच्या वीजकेंद्रात. संसार तिकडं आणि नोकरी इकडं, असं लग्नापासूनच चाललं होतं. शनिवारी कॉलेज सुटलं की मॅडम निघत. परभणीला एक बस बदलायची, जिंतूरला दुसरी. सोमवारी उजाडायच्या आत तोच प्रवास उलटा. बाकीचा आठवडा गंगाखेडला भाड्याच्या खोलीत, एकट्या. त्यात यजमानांना काचबिंदू निघाला. नजर दोन्ही बाजूंनी आवळत आली, काम सुटलं. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

हे मॅडमनी मला शिक्के मारता मारता सांगितलं. "बाजूचं गेलं, सर. पण अजून समोरचं दिसतंय. मी पुढं उभी ऱ्हायले की त्यांना दिसते. ते हाय तवरच मला तिकडं जायचंय. मागून जाऊन काय करू? नुसता आवाज ऐकवू का?"

जायला वाटही होती. आमच्या संस्थेचं जिंतूरलाही एक कॉलेज होतं आणि तिथली ग्रंथपालाची जागा रिकामी होती. जिंतूरहून येलदरी म्हणजे रोजचं जाणं-येणं. मॅडमनी बदलीचा अर्ज दिला की संस्थेचे सचिव त्यांना केबिनमध्ये बोलवत, चहा मागवत आणि म्हणत, "मॅडम, तुम्ही गेलात तर ग्रंथालयाला कुलूप लावावं लागेल. अहो, तुमच्याशिवाय एक पुस्तक सापडत नाही." आणि अर्ज ड्रॉवरमध्ये जाई. स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कारही झाला. शाल घेऊन परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा शिक्षा झाल्यासारखा होता. "कौतुकानं मारायलेत, सर," त्या म्हणाल्या. "शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं."

मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, "ह्या मशिनीला तेवढं शिकवता येतंय का? कुणी कसं बी लिवलं तरी पुस्तक सापडायला पायजे."

मी त्या पेजची जावास्क्रिप्ट उघडून बसलो. काम मोठं नव्हतं. शोधणाऱ्यानं टाइप केलेला शब्द आधी सगळा लहान अक्षरांत आणायचा, मग यादीतल्या पुस्तकाचं नावही लहान अक्षरांत आणायचं, आणि मग दोघांची तुलना करायची. मूळ नावाला हात लावायचा नाही. पडद्यावर ते जसं लिहिलंय तसंच दिसेल, तुलना तेवढी समान पातळीवर होईल. मी हे समजावून सांगितलं तेव्हा मॅडम प्रथमच मोकळेपणी हसल्या. "म्हंजे दोगालाबी एका सतरंजीवर बसवायचं आणि मग बोलायला लावायचं." मी म्हणालो, अगदी तसंच. त्यांनी स्वतः चौकटीत एक शब्द टाकला, आधी कॅपिटल, मग स्मॉल, मग वेडावाकडा, एक अक्षर मोठं नि एक लहान. दर वेळी तीच पुस्तकं आली. त्यांनी पदरानं पडदा पुसला. तो स्वच्छच होता.

मला वाटलं, झालं काम. मी मनातल्या मनात त्यांना येलदरीला पोचवूनही आलो. पण आमच्याकडची मुलं यंत्राला कधी विचारतात का? हातात फोन असतो, तरी ती पत्ता पानवाल्याला विचारतात. बसची वेळ भिंतीवर लिहिलेली असते, तिच्याच खाली उभं राहून ती कंडक्टरला विचारतात. संगणक कोपऱ्यात सगळी पुस्तकं शोधून द्यायला तयार बसला होता आणि रांग मॅडमसमोर होती. मॅडमनी पुन्हा अर्ज दिला, तर सचिवांनी दारातूनच रांग पाहिली आणि म्हणाले, "पेज दुरुस्त झालं हे उत्तम. पण गर्दी बघा मॅडम, लोकांना तुम्हीच लागता." अर्ज पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी दोन तास न थांबता बोललो आणि मुलांना वाटलं, सरांना विषयाची आवड लागली.

काउंटरच्या आत, तीन बाजूंनी टेबलं आणि मागं गजाची खिडकी, मॅडम मधोमध बसून राहिल्या. संध्याकाळी पुस्तकं लावताना त्या हळूच म्हणाल्या, "मशीन सुधरलं, सर. आता मला बिघडावं लागंल."

दुसऱ्या दिवसापासून खंदारे मॅडम विसरायला लागल्या.

पहिला मुलगा आला, त्यानं मातीच्या रसायनशास्त्राचं पुस्तक मागितलं. हनुवटी वळायला लागली होती, ती मी पाहिली. मॅडमनी ती मध्येच थांबवली, खाली आणली आणि म्हणाल्या, "न्हाई बाबा आठवत. तिकडं मशिनीला इचार." मुलगा हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा तो गोंधळून कोपऱ्यात गेला आणि त्याला पुस्तक मिळालं. पण मॅडमचे हात टेबलावर घट्ट दाबलेले होते. जन्मभर ज्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्या बाई दिवसभर नाही म्हणत होत्या. एक मुलगी रुसून म्हणाली, "मॅडम, परवा तर तुमीच दिलतं की." मॅडम म्हणाल्या, "दिलं असंल माय. लक्षात ऱ्हात न्हाई आताशा." मुलगी गेल्यावर त्या कपाटाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. सगळं आठवत असताना विसरल्याचं सोंग करणं किती कष्टाचं आहे, हे मी तेव्हा पाहिलं. मला ते बघवत नव्हतं, पण उठून जाववतही नव्हतं.

हळूहळू ही गोष्ट कॉलेजभर झाली. शिपाई कुजबुजले, स्टाफरूममध्ये कुणी हळहळलं, कुणी डोक्याच्या तपासणीसाठी नांदेडच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मॅडम सगळ्यांना "बघते" म्हणायच्या. रांग कोपऱ्याकडे सरकली.

आणि मग सचिवच आले. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे संस्थेच्या संस्थापकांचा, एक जाडजूड स्मृतिग्रंथ होता. तो कुणी कधी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं, पण पुण्यतिथीला तो फुलांच्या बाजूला ठेवायची पद्धत होती. "मॅडम, बाबांचा ग्रंथ काढा." मॅडमच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर, काचेच्या कपाटात तो होता. त्यावरची धूळ दर शनिवारी त्याच पुसत. त्यांनी सचिवांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आठवत न्हाई, साहेब. कुठं ठेवलाय कोण जाणे."

सचिवांचा चेहरा पडला. बाकीची पुस्तकं विसरली असती तर त्यांनी चहा मागवला असता. हा मात्र घाव होता. मी पुढं झालो आणि म्हणालो, "साहेब, पेजवर बघा की." ते खुर्चीत बसले आणि एका बोटानं 'स्मृती' एवढाच शब्द इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान घेऊन, टाइप केला. जुन्या बाबूंनी ते नाव कॅपिटल अक्षरांत घातलेलं होतं. पूर्वीच्या पेजनं त्यांच्या बाबांना सरळ नाकारलं असतं. आता क्षणात नाव आलं, कपाटाचा क्रमांक आला, कप्पाही आला. सचिव वळले, काच सरकवली आणि ग्रंथ स्वतःच्या हातानं काढला. मॅडमकडे न पाहता ते मला म्हणाले, "मशीनला आठवतं. यांना नाही." त्याच आठवड्यात मॅडमच्या बदलीवर सही झाली आणि त्यांना कार्यमुक्त केलं.

निरोप समारंभ झाला. सचिव भाषणात म्हणाले, वयानुसार असं होतं, मॅडमनी आता जिंतूरच्या लहान ग्रंथालयात निवांत बसावं, फार ताण घेऊ नये. सगळ्यांनी दयेनं टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. इतकी वर्षं ज्या बाईच्या डोक्यावर हे ग्रंथालय चाललं, तिच्याच डोक्याबद्दल हे लोक हळहळत होते! मॅडमनी समोरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडीशी. मी बसलो.

बसस्टँडवर त्यांची पिशवी मी नेली. परभणीची बस लागली होती. मी विचारलं, "मॅडम, राग नाही आला?"

"आला की. लय आला," त्या म्हणाल्या. "पण तितं उठून बोलले असते ना सर, तर ते म्हणले असते, बाई तर ठणठणीत हायत. आणि परत त्याच खुर्चीत बसवलं असतं." त्या बसमध्ये चढल्या, खिडकीची जागा धरली आणि खाली मान घालून रुमालानं तोंड पुसू लागल्या. मी तिथंच उभा राहिलो. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

मी अजून गंगाखेडलाच आहे. पेज मी दुरुस्त केलं म्हणून आता ग्रंथालयाचं काहीही अडलं की मला बोलावतात. सचिव परवा म्हणाले, सर तुम्हाला सोडून चालायचं नाही. पण नेमणुकीचं नाव त्यांनी काढलं नाही. मॅडमना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "लवकर पळा." मग मी त्यांच्या यजमानांची चौकशी केली.

"हाय अजून समोरचं थोडं," त्या म्हणाल्या. "सकाळी चहाच्या आधी मला अंगणात उभं करतेत, उन्हाकडं तोंड करून. हलू नको म्हणतेत. मग बघत ऱ्हातेत लय वेळ. काल म्हणले, कपाळावर ह्यो डाग कवा पडला गं? मी तिकडं गंगाखेडला नवी असताना कपाटाचं दार लागलं होतं, सर. टाके पडलते. लय वर्सं झाली त्याला, आणि त्यांना कालच दिसला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हणले, मला आठवत न्हाई."